चौकटीचा नारळ

बपेरा, ता. १२ ऑगस्ट २०२४

ती. बुधरामभाऊंस,
धाकट्या लिलाधरचा शि. सा. न. वि. वि.

आईचा देव्हारा, बापूच्या बंडीचं जू, पार्वताबाईच्या नातवाचा पाळणा, शाळेचे अकरा बाक, चंदावहिनीचा पोळपाट, जो अजून तसूभर डुगडुगत नाही. हे सगळं या दोन हातांनी केलं. आपण काही सुताराच्या घरचे नाही. मोडकी दारं खोलून, पाहून पाहून शिकलो. तुमच्या सिहोऱ्याच्या घराले मात्र माझी एक खुंटीही लागली नाही.

काल प्रेरणाचा फोन आला. म्हणे काका, सहाही खिडक्यांतून पाणी आत येऊन राहिलं, बाबांच्या उशाशी पाणी धरायले गंज ठेवला आहे. ऐकून मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू?

नऊ वर्षांपूर्वी चौकट उभी केली तेव्हा कारागिराच्या मानाचा शेला-नारळ तुम्ही भंडाऱ्याच्या डिप्लोमावाल्या ठेकेदाराले दिला, अन् मले ताट धरायले सांगितलं. वर तुमच्या शेजारच्या हिरालालसमोर, साऱ्या पाहुण्यांत हसून म्हणालात, की लिलाधरले पाट-पोळपाट जमतात, खिडकी हे शिकलेल्याचं काम. त्या शिकलेल्यानं खालच्या पट्टीचा उतार घराच्या आत काढला. मी त्याच दिवशी पाहिलं. बोललो नाही.

फोनवर आपलं भांडण होते, म्हणून कागद. राग आला तर येऊ द्या, माया आटू देऊ नका.
आपला, लिलाधर

सिहोरा, ता. १७ ऑगस्ट २०२४

चि. लिलाधर यास,
बुधरामचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं. पोळपाटापाशी हसली. उतार उलटा आहे हे तुले दिसलं, अन् नऊ वर्षं त्याच खिडकीखाली बसून चहा पिऊन गेला? शाबास रे भाऊ!

लाकूड आता बोटानं उकरता येते. मार्गशीर्षात प्रेरणाचं लग्न, अन् सोयरे दिवाळीनंतर घर पाहायले येतात. नागपूरचा ॲल्युमिनियमवाला रोज फोन करते, पण वहिनी अडून बसली की हात लिलाधरचाच लागला पाहिजे.

माझी चूक झाली असेल. पण ते चार लोकांत बोलायले सांगू नको, मी दहा वर्षं सरपंच राहिलो. ट्रॅक्टरवाल्या कमलेशच्या हाती शेला, नारळ अन् पैशाचं पाकीट पाठवतो. घरच्या घरी घे, अन् सहाही खिडक्या करून दे. घुश्शात आला तरी जेवून जा.
तुझाच, बुधराम

बपेरा, ता. २६ ऑगस्ट २०२४

ती. भाऊंस,
लिलाधरचा नमस्कार पोचावा.

काल तुम्ही तुमसरले गेलात तेव्हा येऊन गेलो. प्रेरणाच्या खोलीची खिडकी बदलली. पोरीचा काय गुन्हा? चौकट इथूनच करून नेली, मापं मले नऊ वर्षांपासून पाठ आहेत. जुनं सागवान, चार बाय अडीच इंच. उतार बाहेर, पुरता अर्धा इंच. खालून पाणी तोडायची खाच, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता बाहेरच पडते. खिळा एक नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. वहिनीनं बाहेरून दोन बादल्या पाणी मारलं, थेंब आत आला नाही. मजुरी घेतली नाही. पातोडीची भाजी मात्र दोनदा घेतली.

बाकी पाच तशाच राहतील, तुमच्या उशाजवळचीही. प्रेरणानं रडवेली होऊन विचारलं, की बाबांची काहून नाही. तिले म्हटलं, ते तुझ्या बाबाले ठाऊक आहे.

आता ॲल्युमिनियम लावा नाही तर गोणपाट लावा. सोयरे येतील, घर फिरतील, अन् त्या एका खिडकीपाशी थांबून विचारतील की ही कोणाच्या हातची. मी हिरालालले सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी हजर राहा. तुमच्या तोंडून माझं नाव निघेल, भाऊ. चार लोकांतच निघेल.

वहिनीस नमस्कार, प्रेरणास आशीर्वाद. भेट होईल तेव्हा तोंड फिरवू नका, मीही फिरवणार नाही.
आपला, लिलाधर

ता. क. शेला-नारळ अन् पाकीट कमलेशच्याच हाती परत धाडलं आहे. मोजून घ्या. सहा खिडक्यांचे, दुप्पट मजुरी धरून तुम्ही देऊ केलेले, अन् मी नाही म्हटलेले: रुपये एक लाख बत्तीस हजार.