आईच्या आवाजाची व्यवस्था

मी, दर्शना भीमराज वाकळे, वय ६१, व्यवसाय कार्टून मालिकांचे लेखन, राहणार कांदिवली पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर सांगणाऱ्यांना कंटाळून. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी ॲड. क्षमा दळवी यांनी करावी.

१. फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो धाकटा भाऊ विशाल यास द्यावा. बाल्कनी बंद करून खोली काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. काढू दे.

२. बँकेतील ठेव विशालची मुलगी चेतना हिच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते ती ठरवील. विशालने ठरवू नये.

३. पुस्तके व संगणक माझा सहकारी, चित्रकार अनय यास. मला न विचारता त्याने जे केले ते खाली येईल. तरीही द्यावे.

४. ‘अडकलेली सभा’ हा विनोदी भाग मी लिहिला. त्यात एक म्हातारी लिफ्टमध्ये अडकते आणि आतूनच सोसायटीची वार्षिक सभा चालवते. चित्रांआधी आवाज लागतो, म्हणून तिची वाक्ये मी आईकडून, शांताबाईकडून, घरीच बोलून घेतली. ‘म्या कुठं अडकले? तुमीच भाईर अडकलाव.’ त्या बोलण्यावर अनयने म्हातारीचे ओठ हलवले. चित्रे पूर्ण झाल्यावर वाहिनीचे साहेब म्हणाले, ‘मॅडम, झकास आहे, पण आवाज गावठी वाटतो ना.’ नटी आली. तिने तीच वाक्ये स्वच्छ करून म्हटली. वाक्ये आधी संपली, ओठ हलत राहिले. प्रेक्षकांनी विचारले, म्हातारी चघळते काय? वाहिनीने मला विचारले, असे का लिहिले? भाग पुन्हा दाखवला नाही. आईने तो एकदाच पाहिला. म्हणाली, ‘ही बाई कोण गं, माझ्या तोंडानं बोलती?’

आई गेल्यावर अनयने मूळ आवाज लावून तो भाग इंटरनेटवर टाकला. लोक हसले. मग वाहिनीलाही आई आवडली. आता तिचा आवाज संगणकाला शिकवून त्यांना म्हातारीचे नवे भाग काढायचे आहेत.

विशाल म्हणतो, ‘देऊन टाक ना, ताई. आई काय ऐकायला येणारेय?’

‘तू तर ऐकशील ना रे?’

‘ऐकीन की. आई नवीन काहीतरी बोलली तर मला बरंच वाटेल.’

तरीही निर्णय बदललेला नाही.

५. सबब, मूळ ध्वनिमुद्रण चेतनाला द्यावे. ते घरी, माझ्या यंत्रावर झाले. वाहिनीशी त्याचा करार नाही. चेतनाने ते हवे त्याला ऐकवावे. विशालला, तो म्हणेल तेव्हा. त्यावरून नवी वाक्ये तयार करण्यासाठी कोणालाही देऊ नये, विशालने रडून मागितले तरी. मुद्रणाच्या शेवटी आई म्हणते, ‘झालं ना गं तुझं? बंद कर आता ते.’ याच्यापुढे तिच्या तोंडी काही घालू नये.

हे मी वाचून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: दर्शना भीमराज वाकळे

साक्षीदार:
१. गंधाली अनंत केळकर
२. माणिक रघुनाथ शिरोडकर

कांदिवली, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५