आरपार दिसणारी चकती

पुणे, १४ जानेवारी

प्रिय बाबा,
तुम्हाला आणि आईला शीतलचा हसऱ्या तोंडानं जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. बाबा, जमलं!

वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मी एक पावडर विरघळवते. ते थंड होऊ लागलं की पावडरीचे रेणू आपोआप एकमेकांना धरतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंचं जाळं तयार होतं. त्या तंतूंवर प्लास्टिकचे स्फटिक धरतात. ते जितके बारीक, तितकं प्लास्टिक स्वच्छ, आरपार दिसणारं.

पण माझं प्लास्टिक आठ महिने पांढुरकंच निघत होतं. मी पावडर वाढवतच गेले. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "महिनाअखेर बघू, नाहीतर संशोधनाचा विषय बदल." हे तुमच्यापासून लपवलं, रागावू नका.

मंगळवारी मी पावडर निम्मी केली आणि ती पुरती विरघळावी म्हणून प्लास्टिक जास्त तापवलं. साच्यातून चकती निघाली ती काचेसारखी! सरांनी ती खिडकीशी नेऊन पाहिली. म्हणाले, "परत करून दाखव." मी तीनदा करून दाखवली!

आता जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे? रत्नपालदादा तुम्हाला हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तयार आहे, मग काहून टाळून राहिले तुमी?

सोबत एक चकती पाठवते. या ओळीवर ठेवा आणि वाचा: ही तुमच्या पोरीनं बनवली.

तुमचीच,
शीतल