‘तुटका ताणा’ माझ्यामागे कोणी वाजवायचा

मी, भैयाजी चंपतराव धकाते, वय ५६, राहणार गोळीबार चौक, नागपूर. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणणारा अजून जन्मायचा आहे.

घर व बँकेतील शिल्लक पत्नी कामिनी हिची. हिंगण्याला कामावर जायची मोटारसायकल पुतण्या साहिलला; क्लच हलक्या हाताने दाबावा. संगीत मंडळाच्या सचिवांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. माझ्या रचनेला ते ‘प्रयोग म्हणून बरी’ म्हणाले होते.

आता मुख्य कलम. ‘तुटका ताणा’ ही एकट्या वादकाने डफ, ढोलकी व पितळी परातीवर वाजवायची माझी रचना. परातीवर काठीऐवजी हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा. मला गुरू नव्हता. वडिलांच्या मागापाशी बसून ताल शिकलो, बाकी माझ्या कानांनी शिकवले. मागावर उभा धागा तुटला की विणकर पुढे विणत नाही. थांबतो, गाठ मारतो. तसेच वादकाचा हात चुकला की त्याने थांबावे आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरावी, श्रोत्यांसमोरच. हा रचनेचा नियम आहे.

माझ्याशिवाय ती फक्त मुलगी नूपुर हिला येते. मार्चमधल्या मैफलीत तिचा हात चुकला आणि ती तशीच पुढे गेली. मी पहिल्या रांगेतून ओरडलो, “धागा तुटला! थांब!” ती मंचावरून उठून गेली. तेव्हापासून तिने धोट्याला हात लावलेला नाही.

तरी रचना व वाद्ये नूपुरलाच, नियम पाळण्याच्या अटीवर.

येथवर वाचून दाखवले तेव्हा नूपुर साक्षीदार म्हणून समोर होती. शेजारचे चेतन हेडाऊ वकिलाकडे कारकून आहेत. ते म्हणाले, “भैयाजी, जिले देता तिची साक्ष नाही चालत. तिनं सही केली तं तिचं कलम रद्द.”

“मंग आणा पेन,” नूपुर म्हणाली.

“काहून वं?”

“लोक माझं वाजवणं ऐकाले आले होते बाबा, चूक मोजाले नाही. थांबायचं का पुढं जायचं, ते वाजवणारी ठरवीन. तसं लिहा, नाहीतर मी सही करून राहिली.”

तिने पेनाचे टोपण काढले. मी बोलायला तोंड उघडले. कामिनी म्हणाली, “लिहा ना जी. उद्या डॉक्टर छाती उघडणार, आज तोंड तं बंद ठेवा.”

‘नियम पाळण्याच्या अटीवर’ हे शब्द मी खोडले आहेत. शेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही राहील. नियम चुकीचा होता असे मात्र लिहून देणार नाही.

नूपुरने पेन ठेवले, समोरच्या घरातल्या पुष्पलताताईंना साक्षीला बोलावून आणले आणि आत गेली. आतून परात वाजते आहे. दुसऱ्याच ओळीत हात चुकला. ती पुढे गेली. साक्षीदार माझ्या तोंडाकडे पाहत आहेत. त्यांनी माझ्या हाताकडे पाहावे; मी सही करत आहे.

(सही) भैयाजी चंपतराव धकाते

आमच्यादेखत सही झाली:
१. चेतन हेडाऊ
२. पुष्पलता पराते

नागपूर, ९ ऑक्टोबर २०२५