हिरव्या झावळ्या

४ मार्च
काल ताईकडे राहायला आलो. नोकरी गेलेल्या भावाला कोण हौसेने घरात घेतं? पण ताईने माडीवरची खोली झाडून-पुसून ठेवली होती. दाजी म्हणाले, हवं तितके दिवस राहा, मला बुद्धिबळाला गडी मिळाला. खिडकीखाली बाग आहे. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना तीन-तीन शोभेचे पाम, माणसाच्या उंचीचे. लांबून पिसांसारखे मऊ दिसतात. जवळ गेल्यावर कळतं, प्रत्येक झावळीच्या देठाला बोटभर काटे आहेत. दाजी सकाळी त्यांच्यामधून अनवाणी फेऱ्या मारतात. खूप दिवसांनी शांत झोप लागली.

६ मार्च
माळीकाकांनी छाटणी शिकवली. ही बाग ते वीस वर्षं बघतात. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आधी देठाचे काटे उडवायचे, मग झावळी. तीही वाळलेली, लोंबणारीच. हिरवीला हात लावायचा नाही, झाड तिच्यावर जगतं. कापलेलं लगेच पोत्यात. म्हणाले, न्हावीसुद्धा केस झाडल्याशिवाय दुकान बंद करत नाही.

९ मार्च
खायला काळ नि भुईला भार, असं मला इथे कुणी म्हणत नाही. म्हणूनच जास्त लागतं. काका दुपारी जेवायला गेले, तेव्हा ताईला उपयोगी पडून दाखवावं म्हणून एकट्यानेच कात्री घेतली. वाळलेल्या संपल्या तरी हात थांबेना. भानावर आलो तेव्हा सहाही झाडं पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी उभी होती. हिरव्या झावळ्या घाईघाईने कुंपणाच्या झुडपांखाली कोंबल्या. संध्याकाळी खिडकीतून दिसलं, एक वाटेवरच राहिली आहे. ताई आणि दाजी पायरीवर बसले होते. त्यांच्यासमोर उचलायची लाज वाटली. सकाळी उचलू म्हटलं.

१० मार्च
उठायला उशीर झाला. दाजींच्या टाचेत काटा घुसून आत मोडला. ताईने विचारलं, ही इथे कुणी टाकली? मी म्हणालो, काकांनी. काका समोरच होते. हातमोजे काढून पायरीवर ठेवले. ताई म्हणाली, उद्यापासून येऊ नका. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी जमिनीकडे बघत होतो.

१३ मार्च
परवा डॉक्टरांनी काटा काढला. आज त्याच जखमेतून दुसरा निघाला. पहिल्यापेक्षा लांब, ओला, हिरवा. डॉक्टर म्हणाले, तेव्हा राहून गेला असेल. पण ताईच्या नजरेला नजर देईनात.
काकांच्या घरी जाऊन पाय धरायचं ठरवलं होतं. त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून परत आलो.

१५ मार्च
सकाळी जिन्यात झावळी. ताजी. देठावर माझाच वेडावाकडा काप. कुणी बघायच्या आत कुंपणाशी नेली. तिथे कोंबलेल्या साऱ्या तशाच हिरव्यागार. सहा दिवसांत एकही सुकलेली नाही.

१६ मार्च
तिसरा काटा. करंगळीएवढा. दाजींना ताप. मला म्हणाले, माळ्यावर राग धरू नको, वय झालंय बिचाऱ्याचं. आता सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं — घशात काहीतरी टोचलं. बेसिनमध्ये थुंकलो. रक्त, आणि त्यात एक हिरवं टोक —

१८ मार्च
आवाज बसला. ताईला वाटतं सर्दी. डॉक्टरांना घसा दाखवला नाही. काय निघेल, आणि मग काय विचारतील —
चिठ्ठी लिहिली. ‘ताई, काकांचा दोष नाही.’ पुढे हात चालेना. फाडली.
गिळताना जाणवतं, वाढतंय.

१९ मार्च, सकाळ
दार उघडं. उंबऱ्यापलीकडे झावळी, काटे वर. ताई जिना चढते आहे. गरम पाण्याचं पातेलं दोन्ही हातांत — माझ्या घशासाठी. खालचं तिला दिसणार नाही. अनवाणी आहे.

हाक मारायला गेलो. नुसतं रक्त.

झावळी माझ्यापासून चार पावलांवर आहे. उचलू शकतो. पण माझ्या हातात दिसली तर — विचारेल — सगळंच विचारेल —

ऊठ. ऊठ ना.

मी अजून लिहितोच आहे.

शेवटची पायरी. ताई, थांब, ती मीच —