घरचा शेवट

सिएन्फ्वेगोस, ४ मार्च १९५१

ती. एव्हारिस्तोदादास,
दुलियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंबरेचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे ती दुखतच असणार. इकडे मी बरी आहे. शिवणाची कामं मोजकीच घेते, सुईत दोरा ओवताना डोळे रुसतात.

आता गाऱ्हाणं. मागच्या रविवारी इथल्या साहित्य मंडळात माझी गोष्ट वाचायला गेले होते. बाबांचीच गोष्ट. चिरुटाच्या कारखान्यातून यायचे, हातपाय धुऊन झाले की आपल्या दोघांना स्वयंपाकघरात फरशीवर बसवायचे आणि त्या दिवशी कारखान्यात वाचकानं कामगारांना वाचून दाखवलेली कादंबरी सांगायचे. आई एकीकडे केळी तळायची. बाबांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण एकही प्रसंग विसरायचे नाहीत. हे सगळं मी लिहिलं होतं. अध्यक्षांनी आधी विचारलं, बाईंचं शिक्षण कुठं झालं. मी म्हटलं, चौथी, आणि मग शिलाई. ते गोड हसले आणि म्हणाले, लेखनाचंही शास्त्र असतं, आधी वर्ग करून प्रमाणपत्र आणा, मग ऐकू.

त्यांचं तरी काय चुकलं? पाटी बघितल्याशिवाय आपण डॉक्टरला नाडी दाखवतो का? कागद पिशवीत घालून घरी आले. साठीला टेकले, आता कुठले वर्ग करू.

तेव्हा लिहिणं बंद. गोष्ट अर्धीच आहे, ती सोबत पाठवते. आईबाबा आहेत तीत, मला जाळवत नाही. तूच काय ते कर. धाकटीवरची माया मात्र पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
दुलिया


पिनार देल रिओ, ३१ मार्च

चि. दुलियास अनेक आशीर्वाद.

कंबर दुखते आहे. झालं समाधान?

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू. अगं, आयुष्य गेलं माझं या कारखान्यात वाचक म्हणून, माझं प्रमाणपत्र बघितलंस कधी? त्या जागेसाठी आम्ही तिघांनी माचावर चढून वाचलं, आणि चिरूट वळणाऱ्यांनी मतं दिली. एकाचा आवाज माझ्याहून गोड होता, पण तो दुःखाच्या जागी घाई करायचा. म्हणून मी निवडून आलो.

आता चिडू नकोस. सोमवारी चालू कादंबरी बाजूला ठेवून मी तुझी गोष्ट वाचली. नाव सांगितलं नाही. आपली रीत तुला ठाऊकच आहे: आवडलं तर तंबाखूची पानं कापायच्या पात्यानं मेज ठोकायचं, नाही आवडलं तर पातं जमिनीवर टाकायचं. मी थांबलो. ठोकणं नाही, टाकणंही नाही. वाटलं, बहिणीला उगाच चव्हाट्यावर आणलं. मग चष्मा काढून खाली बघितलं. कुणाच्या हातात पातंच नव्हतं. ओली पानं मेजांवर तशीच वाळत पडली होती. मुकादम ओरडला तेव्हा कुठं हात हलले.

सुटी झाल्यावर तेलेस्फोरोकाका आला. बाबांच्या शेजारच्या मेजावर बसायचा तोच, ऐंशीला आला तरी अजून वळतो. म्हणाला, हे दुलियाचंच लिखाण, पण पोरीनं एक चुकीचं लिहिलंय. त्या कादंबरीतला खलाशी घरी परत येत नाही, बुडतो. ते ऐकून त्या दिवशी तुमचा बाप मेजावर डोकं ठेवून रडला होता.

दुलिया, आपल्याला तर बाबांनी सांगितलं होतं की खलाशी परत आला, आणि बायकोनं त्याला आधी झापलं, मग जेवायला वाढलं. ती कादंबरी माझ्या काळात कधी वाचली गेली नव्हती, म्हणून जुन्या कपाटातून शोधून काढली. काका खरं बोलला. मग बाबांनी सांगितलेली ती आंधळ्या मुलीची काढली. तिला दृष्टीही बाबांनीच दिली होती.

त्या शेवटच्या सकाळी बाबा कामाला निघतात, तिथंच तू सोडून दिलंयस. लोक रोज विचारतात, पुढं काय? मी काय सांगू त्यांना? लवकर पाठव. भावावर आहे तो जीव असाच राहू दे.

तुझा,
एव्हारिस्तो


सिएन्फ्वेगोस, २२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

न विचारता वाचलीस म्हणून आधी चिडले, मग पुष्कळ रडले. बाबा ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचे, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं आहे. कारखान्यात रडून झाल्यावर, वाटेनं घरी येता येता, ते आपल्यासाठी शेवट रचत असतील. मला हे कधीच कळलं नाही, दादा.

मंडळात मी पुन्हा जाणार आहे. शिक्षण कुठं झालं विचारलं तर सांगीन, स्वयंपाकघरात, फरशीवर. वर्गालाही जाईन कदाचित, शिकायला कोण नको म्हणतं? पण लिहू का म्हणून कुणाला विचारायला जाणार नाही.

शेवट सोबत आहे. घडला तसाच लिहिला. सकाळी बाबा गेले, आणि संध्याकाळी तेलेस्फोरोकाका त्यांची टोपी घेऊन दारात उभे राहिले. फार वाटलं, बाबांना घरी आणावं, आईनं झापावं, जेवायला वाढावं. हात धजला नाही.

वाचताना त्या जागी घाई करू नकोस. आणि सगळ्यांना माझा एक निरोप सांग, घरी मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा शेवट खुशाल बदला.

लोभ आहेच, त्याला खंड नको.

तुझी,
दुलिया