छिन्नीची रेघ

नाशिक
४ जानेवारी १९८१

ती. चांगुणाताईस,
धोंडीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र आधी एकटीने वाच, आप्पांसमोर नको.

गंगापूर रोडच्या रंगनाथ वकिलांनी ती हिरवी दोनशिटी विलायती गाडी माझ्या गॅरेजात पाठवली आहे. होय, तीच. तिच्या अपघातात भिकाकाका गेले तेव्हापासून नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. आता वकिलांची मुलगी चालवणार म्हणून त्यांनी एक पोलादी दांडा मागवलाय. तो पुढच्या दोन्ही चाकांना आडवा जोडायचा, म्हणजे वळणावर गाडी एका अंगावर झुकत नाही. तेव्हा तो त्या गाडीला नव्हता.

नाही म्हणणार होतो. पण परक्याने त्या गाडीखाली शिरावं हे मला सहन होईना. तुझं काय म्हणणं?

रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझा धोंडीराम

हरसूल
९ जानेवारी

चि. धोंडीरामास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, पोस्टमनने पत्र आप्पांच्याच हातात दिलं! मोतीबिंदूने त्यांना वाचता येत नाही, म्हणून समोर बसवून मला वाचायला लावलं. तुझी पहिली ओळ तेवढी गाळली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याने नट आवळला त्याने पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. तेव्हा ताप होता म्हणून ते घरी राहिले नि त्यांच्या जागी काका बसले. चाकाचा नट आपल्याच हातून ढिला राहिला म्हणून गाडी उलटली, हे त्यांनी मनात धरलंय. कधी गाडी बघायला गेले नाहीत, सगुणाकाकूच्या दारातही नाहीत. बिचारी दर बुद्धपौर्णिमेला बोलावणं पाठवते, हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. भावाच्या बायकोला तोंड दाखवायचं नाही, म्हणतात.

तुला दोन निरोप आहेत. दांडा ज्यात बसतो ते रबरी बुश गाडी जॅकवर असताना आवळू नकोस, चाकांवर उभी करून मग आवळ. आणि पहिल्या फेरीला तू बसू नकोस. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मीही घाबरलेय रे.

जिवाला जप. ताईला विसरू नकोस.
चांगुणा

नाशिक
१५ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दांडा बसवायचा म्हणून चाकांमागचा वाळका चिखल रॉकेलने धुतला आणि हात थांबला. नट आवळून झाला की आप्पा नट आणि बोल्ट दोन्हींवर मिळून छिन्नीची एक रेघ उमटवायचे, आठवतं? नट जरा फिरला की रेघ तुटते. चाकांमागचे चारही नट पाहिले. चारही रेघा सरळ आहेत! त्यांचं काम पक्कं होतं ग. गाडीच वळणावर झुकून उलटली.

मी सांगितलं तर पोरगा बापाची बाजू घेतोय म्हणतील. त्यांना स्वतः चाचपू दे. सोमवारच्या एसटीत बसव. तोवर मी त्या नटांना पाना लावत नाही.

तुझा धोंडीराम

नाशिक
२० जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आप्पा काल आले. चहाही न घेता गाडीखाली सरकले. अंगठ्याचं नख चारही रेघांवरून फिरवलं, मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, आता सुटल्यासारखे हसतील. कसलं काय, गाडीखालीच हुंदके देऊन रडले. म्हणाले, नऊ वर्षं मी माझंच पाप कुरवाळत बसलो आणि त्या बाईला एकटं टाकलं.

मी दांडा चढवला. गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे नट त्यांनीच आवळले, छिन्नी मागून रेघा मारल्या आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्र्यंबक रस्त्याच्या त्या वळणावर त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला होता. गाडी झुकली नाही.

परत फिरताना म्हणाले, सगुणाकडे घे.

काकू दारात आली. आप्पांचे ग्रीसने काळे झालेले हात तिने बघितले आणि आत वळली. मी आप्पांना घेऊन निघणार होतो. तर ती तांब्या आणि साबण घेऊन बाहेर आली, आणि आप्पांच्या हातांवर पाणी घालू लागली.

आप्पा तिथेच जेवले, राहिलेही तिथेच. हे पत्र खुशाल मोठ्याने वाच. ज्याच्यासमोर वाचायचं नव्हतं तो माणूस आता हरसूलला नाही.

तुझा धोंडीराम