आईची गाडी विकायची नाही

कर्स्टन,

घाबरू नकोस, मोटरसायकल मीच नेली आहे. ती विकत घ्यायला माणूस येईल. त्याला कॉफी दे आणि सांग, विकायची नाही. तुझ्या आईची गाडी बरी झाली.

चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, वेग येत नव्हता. मला वाटलं, क्लच प्लेटा संपल्या. काल उघडून पाहिल्या तर चांगल्या जाड निघाल्या. मग मामाला फोन करून विचारलं, "हिवाळ्यात ऑइल कुठलं घातलंस रे?"

"माझ्या ट्रकचं, दाजी. एकदम भारीतलं! ताईच्या गाडीला काय हलकं घालू?"

या गाडीच्या प्लेटा ऑइलातच बुडालेल्या असतात. ट्रकच्या त्या गुळगुळीत ऑइलात त्या घसरणारच. त्याला गाढव म्हणालो. तो म्हणाला, "ताईपण हेच म्हणायची." मग दोघंही हसत सुटलो.

प्लेटा धुतल्या, मोटरसायकलचं ऑइल भरलं. आज सकाळी दवाखान्याचा चढ तिसऱ्या गिअरवर सरसर चढली. राहवत नाही, म्हणून पुन्हा चाललोय.

आईचं हेल्मेट पुसून टेबलावर ठेवलंय. तुला बसतंय का बघ. आलो की तळ्यापर्यंत जाऊ, तू चालव.

बाबा